भुसावळची बुधवारची प्रार्थनासभा : कामाने थकलेल्या माणसाला धीर देणारी सेवा

भुसावळ शहरात रेल्वे वसाहतीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर असलेल्या एका चर्चच्या मागच्या सभागृहात दर बुधवारी संध्याकाळी सव्वासात वाजता नोकरदार आणि कष्टकरी माणसांसाठी प्रार्थनासभा भरते. मी जळगावच्या एका डाळ मिलच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते, राहते भुसावळला, आणि बुधवारी संध्याकाळच्या गाडीतून उतरले की घरी न जाता थेट या सभेला जाते. रविवारच्या उपासनेविषयी सगळेच बोलतात. आठवड्याच्या मध्यावर, कामाचा शीण अंगावर असताना भरणाऱ्या या सभेविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते खानदेशातल्या नोकरदार ख्रिस्ती माणसाला जो धीर हवा असतो तो येथे जितका नेमका मिळतो तितका इतरत्र क्वचितच मिळतो. चर्चचे नाव मी मुद्दाम देत नाही. येथे येणारी माणसे आपल्या घरातल्या आणि नोकरीतल्या अडचणी मोकळेपणाने सांगतात, आणि त्यांचा तो मोकळेपणा माझ्या लिहिण्यामुळे कमी होऊ नये असे मला वाटते.

सभेची मांडणी साधी आहे. सुरुवातीला एक-दोन गीते होतात, मग पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, उपस्थितांना एकच प्रश्न विचारतात, "आठवडा कसा गेला?", आणि त्यानंतरची वीस मिनिटे लोक बोलतात व बाकीचे ऐकतात. पुढे शास्त्रवाचन, पंधरा मिनिटांचा संदेश, प्रार्थनेसाठी आलेल्या विनंत्यांचे वाचन, प्रार्थना आणि शेवटी चहा. साडेआठला दिवे मालवायचे असा दंडक आहे आणि एरवी तो पाळलाही जातो. अनेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, संदेश आधी ठरलेला असतो आणि माणसांनी आपापली दुःखे त्यात बसवून घ्यायची असतात. येथे माणसे आधी बोलतात आणि वचन नंतर उघडले जाते. पाळकसाहेब दोन-तीन उतारे तयार करून आणतात आणि लोकांचे बोलणे ऐकल्यावर त्यांतला एक निवडतात. काही वेळा तिन्ही बाजूला ठेवून चौथाच घेतात. या सभेचे सारे बळ मला या क्रमात दिसते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी येथे कोणती माणसे येतात हे सांगणे आवश्यक आहे. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय असून मुंबईहून येणारा लोहमार्ग येथून एकीकडे नागपूरकडे आणि दुसरीकडे इटारसीकडे फुटतो. त्यामुळे रनिंग स्टाफ (गाडी चालवणारे चालक, गार्ड वगैरे), रुळांची देखभाल करणारे गँगमन, स्टेशनवरचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे हा सभेचा मोठा भाग आहे. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातले कंत्राटी कामगार, वरणगावच्या आयुध निर्माणीतले काही जण, खासगी दवाखान्यांतल्या परिचारिका, आणि यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातून आपल्या कामासाठी शहरात आलेले शेतकरी व मजूरही असतात. पूर्व खानदेशात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या आणि पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या, अशा दोन मिशन संस्थांच्या कामातून ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतली तिसरी-चौथी पिढी आज नोकरीनिमित्त भुसावळ-जळगावात आहे. नवापूर तालुक्यातून आलेल्या, घरी मावची बोलणाऱ्या परिचारिका आणि गावाकडे अहिराणी बोलणारे गँगमन एकाच बाकावर बसलेले येथे दिसतात. प्रार्थना ज्याने त्याने आपल्या बोलीत करावी असा प्रघात आहे. संदेश प्रमाण मराठीत होतो, पण प्रार्थनेच्या वेळी एखादे आजोबा डोळे मिटून "देवा, तुले सम्दं माहीत शे" एवढेच म्हणून थांबतात, आणि त्या एका वाक्याला सगळे सभागृह जे "आमेन" म्हणते त्यात कसलाही उपचार नसतो.

गेल्या उन्हाळ्यातली एक सभा थोडी विस्ताराने सांगते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि रूळ तापून प्रसरण पावतात, म्हणून त्या दिवसांत भर दुपारी रुळांवरून गस्त घालावी लागते. त्या बुधवारी मागच्या रांगेतल्या एका गँगमनभाऊंनी आठवडा कसा गेला या प्रश्नाला उत्तर देताना सांगितले की, काम कठीण आहे याची तक्रार नाही, पण हल्ली सकाळी उठल्यावर आपण कशासाठी उठलो हेच कळत नाही, प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत, आणि विश्वासात आपण कमी पडलो असे वाटू लागले आहे. सभागृहात काही क्षण कोणी बोलले नाही. पाळकसाहेबांनी समोरचे कागद मिटले आणि बायबलमधल्या पहिले राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढला.

एलीया संदेष्ट्याची ही कथा ख्रिस्ती घरांत लहानपणापासून ऐकवली जाते, पण बहुतेक वेळा तिचा आधीचा भाग, म्हणजे कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरल्याचा प्रसंग, रंगवून सांगितला जातो. त्यानंतर लगेच हा मोठा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून पळतो, बैर-शेबापासून एक दिवसाची वाट रानात चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो, आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे देवाला म्हणतो आणि झोपी जातो. या ठिकाणी पाळकसाहेबांनी वाचन थांबवून विचारले की, देवाने यावर काय केले? त्याने एलीयाला फटकारले का? अग्नी उतरताना पाहिलास आणि आता असे बोलतोस, असे म्हटले का? शास्त्रात तसे काही नाही. दूताने त्याला स्पर्श करून उठवले, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा होता, त्याने खाल्ले, तो प्याला आणि पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला लावले, कारण पुढची मजल त्याच्या शक्तीबाहेरची होती. होरेबाच्या डोंगरावर देव एलीयाशी मंद वाणीने बोलतो तो प्रसंग, ज्यावर सगळे प्रवचनकार भर देतात, तो या दोन जेवणांच्या आणि दोन झोपांच्या नंतर येतो. थकलेल्या माणसाला देव आधी अन्न आणि झोप देतो आणि मग त्याच्याशी बोलतो, आणि थकव्याला अविश्वास म्हणणे हे शास्त्राला धरून नाही, एवढाच त्या दिवशीचा संदेश होता. तो पंधरा मिनिटांच्या आतच संपला.

प्रार्थनेनंतर मंडळीतल्या एका वडिलांनी (मंडळीची जबाबदारी पाहणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांना 'वडील' म्हणतात) त्या भाऊंना बाजूला घेऊन झोप किती होते, जेवण वेळेवर होते का, असे विचारले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेण्याचे ठरवले. रक्तातली साखर पुष्कळ वाढलेली निघाली. हे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. प्रार्थना आणि दवाखाना यांत या सभेत विरोध मानला जात नाही. औषध बंद करा आणि फक्त विश्वास ठेवा असे येथे कोणी कधी सांगितलेले मी ऐकलेले नाही. उलट मन खचलेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास पाळकसाहेब स्वतः सुचवतात, आणि मागे एका मुलीबरोबर त्यांच्या पत्नी पहिल्या भेटीला गेल्याही होत्या. अशा बाबतीत गावोगावी जो घोळ घातला जातो तो पाहता हे ठळकपणे सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

सभागृहाच्या दारापाशी एका टेबलावर लाल कापडी बांधणीची, दुकानातल्या रोजमेळासारखी लांबट वही ठेवलेली असते. ही विनंत्यांची वही. हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला या वहीची रचना विशेष भावली. तिच्यात चार रकाने आहेत : तारीख, विनंती, भेट कोणी घेतली आणि पुढे काय झाले. विनंती करणाऱ्याचे फक्त आद्याक्षर लिहिले जाते, पूर्ण नाव एका वडिलांकडे असते. ओळख पटू नये इतपत बदल करून त्यातल्या नोंदींचा नमुना असा देता येईल. एका ओळीत मुलाच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याची अडचण आहे, आणि शेवटच्या रकान्यात दोन हप्त्यांची मुभा मिळाली, दुसरा हप्ता त्याने स्वतःच्या पगारातून भरला, असे लिहिले आहे. दुसऱ्या ओळीत बदली रद्द व्हावी अशी विनंती आहे, आणि शेवटच्या रकान्यात बदली रद्द झाली नाही, कुटुंब हलले, तेथील पाळकांना फोन करून कळवले, अशी नोंद आहे. तिसऱ्या ओळीत आईच्या डायलिसिसची विनंती आहे, त्याच्या पुढे भेटींची बरीच नावे आहेत, आणि अखेरीस आई वारल्या, दफनविधीला मंडळी हजर होती, एवढे लिहिले आहे.

प्रार्थना ऐकली गेली असा रकाना या वहीत नाही आणि तो नसणे मला अतिशय योग्य वाटते. ज्या मंडळ्यांत केवळ यशाच्या साक्षी सांगितल्या जातात तेथे ज्याची बदली रद्द झाली नाही तो माणूस हळूहळू मागच्या बाकावर आणि मग घराबाहेरच न पडण्यावर येतो. येथे न मिळालेल्या गोष्टीही त्याच शाईने लिहिल्या जातात, आणि वर्षाच्या अखेरीस ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत या वहीतून काही नोंदी, नावे न घेता, वाचल्या जातात. पेत्राच्या पहिल्या पत्रातले "आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो" हे वचन आपण नेहमी म्हणतो. तिसऱ्या रकान्यात ज्यांची नावे आहेत ती माणसे सायकलवर, दुचाकीवर, प्रसंगी यष्टीने जाऊन ही काळजी घेतात हे पाहिल्यावर त्या वचनावर माझा विश्वास अधिक घट्ट झाला आहे.

केळीच्या बाबतीतला अनुभवही सांगितला पाहिजे. जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण मे-जूनच्या वादळी वाऱ्यात घडांनी लगडलेली बाग एका संध्याकाळी आडवी होते तेव्हा त्या मानांकनाने शेतकऱ्याचे कर्ज फिटत नाही. यावल भागातले एक शेतकरी अशाच वादळानंतरच्या बुधवारी आले होते. त्यांच्यासाठी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट वाचला गेला. अंजिराचे झाड फुलले नाही, द्राक्षवेलींना फळ आले नाही, जैतुनाचे उत्पन्न बुडाले, शेतांत अन्न पिकले नाही, मेंढवाड्यात मेंढरे उरली नाहीत, गोठ्यात गुरे राहिली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तो संदेष्टा म्हणतो. त्यावर पाळकसाहेबांनी सांगितले की, या वचनात पीक परत येईल असे आश्वासन कोठेही दिलेले नाही. नुकसानीची यादी एकेक करून, काहीही न लपवता देवापुढे वाचलेली आहे, आणि त्यानंतरच "तरी" हा शब्द आलेला आहे. जो माणूस नुकसान मोजतच नाही त्याचा आनंद उसना असतो, असेही ते म्हणाले. चहाच्या वेळी कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका सदस्यांनी त्या शेतकऱ्यांना विचारले की, विमा कंपनीला कळवले का, कारण फळपीक विम्यात अशा वादळी वाऱ्याच्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. मुदत अजून बाकी होती. सभागृहाच्या पायरीवर बसूनच मोबाइलवरून सूचना पाठवली गेली, आणि दुसऱ्या दिवशी दोन तरुण बागेचे फोटो काढायला गेले.

नोकरीतल्या अन्यायाविषयी ही सभा काय सांगते याकडे माझे सुरुवातीपासून लक्ष होते, कारण धर्माच्या नावाने कष्टकऱ्याला गप्प बसवण्याचे प्रकार सर्वत्र चालतात. बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्रातले "जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा" हे वचन कारखान्याच्या आणि कार्यालयाच्या भिंतीवर लावायला मालकांना आवडते. येथे ते वचन वाचले गेले तेव्हा पाळकसाहेब तेथेच थांबले नाहीत. त्यांनी पान उलटून चौथ्या अध्यायाची पहिली ओळ वाचली, जिच्यात धन्यांनी आपल्या दासांशी न्यायाने आणि समतेने वागावे, कारण त्यांचाही एक धनी स्वर्गात आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. मग बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातला मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी देण्याचा नियम वाचला, आणि शेवटी याकोबाच्या पत्रातला तो जळजळीत उतारा वाचला, ज्यात शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे असे म्हटले आहे.

ही सभा माझ्यासाठी वैयक्तिकदृष्ट्या फार मोलाची ठरली. आमच्याकडे तुरीच्या हंगामात, म्हणजे जानेवारीपासून, खरेदीच्या पावत्यांचा ढीग पडतो. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असते आणि त्यातच मार्चअखेर येते. सोबतच्या सहकाऱ्याने नोकरी सोडल्यावर त्याचे सगळे काम माझ्याकडे आले आणि कबूल केलेली पगारवाढ मात्र आली नाही. मी प्रभूसाठी म्हणून काम करायचे असे मनाला सांगत होते आणि आतून कडवट होत चालले होते. त्या बुधवारनंतर मंडळीतल्या एका निवृत्त लेखापालांनी माझ्याबरोबर बसून मालकांना द्यायचे पत्र तयार करून दिले. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता, फक्त कामाचा तपशील आणि कबूल केलेल्या गोष्टी होत्या. पत्र देण्याच्या आदल्या संध्याकाळी तीन बायकांनी माझ्या घरी येऊन प्रार्थना केली. कामाला दुसरी व्यक्ती मिळाली. पगारवाढ अजून मिळालेली नाही, आणि ती गोष्टही वहीच्या चौथ्या रकान्यात तशीच लिहिलेली आहे. पण माझे काम मी आता पुन्हा मन लावून करते, आणि माझ्या श्रमाची किंमत देवाच्या दृष्टीने मालकाच्या एका सहीवर अवलंबून नाही हे मला वचनातून समजले आहे.

गीतांविषयी थोडक्यात. पेटी आणि ढोलकी असते, गीते बहुतेक 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली असतात, आणि त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने हमखास येतात. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली वारले. मराठी माणसाने ख्रिस्ताची भक्ती मराठी चालीत करावी ही त्यांची तळमळ होती आणि दमून आलेल्या माणसांना ती भजने विनासायास म्हणता येतात, याचे श्रेय त्यांचे आहे. तरुण मुले कधीकधी नवी हिंदी गीते गिटारवर घेतात, तीही चांगली असतात, मात्र ती उभे राहून बराच वेळ म्हणण्याचा आग्रह दिवसभर उभ्याने काम केलेल्या माणसांना धरू नये.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर उणीव पाहुण्या वक्त्यांची आहे. बाहेरून कोणी आले की "आठवडा कसा गेला?" हा प्रश्न गाळला जातो, संदेश तासाभराचा होतो, आणि रात्रपाळीला जाणारी माणसे मध्येच, अपराध्यासारखी मान खाली घालून उठून जातात. त्याहून वाईट म्हणजे, अशा एका वक्त्यांनी ज्याला बढती मिळत नाही त्याने आपला विश्वास तपासून पाहावा असे सांगितले. समोर वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणारी माणसे बसलेली होती. हे शिक्षण चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटे कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधले, आणि त्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देवाचा कोप कोणावर झाला हे सर्वांना ठाऊक आहे. तो त्या मित्रांवर झाला, ईयोबावर झाला नाही. पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी नाव न घेता नेमका तोच अध्याय वाचला, हे समाधानाचे. तरी पाहुण्यांना वेळेची आणि विषयाची मर्यादा आधीच सांगावी, आणि ती न पाळणाऱ्यांना बुधवारी बोलावू नये.

दुसरी उणीव वेळेची. सव्वासात ही वेळ गाडीने येणाऱ्या नोकरदारांना सोयीची असली तरी ज्या स्त्रिया दिवसभर काम करून घरी स्वयंपाकही करतात त्यांना ती अशक्य आहे. परिणामी सभेत पुरुष जास्त आणि स्त्रिया कमी असतात. स्त्रियांसाठी गुरुवारी सकाळी वेगळी प्रार्थना असते असे उत्तर दिले जाते, परंतु नोकरी करणारी स्त्री गुरुवारी सकाळी कामावर असते. घरी सासूबाई आहेत म्हणून मी येऊ शकते. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्या माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींना या सभेची गरज माझ्याहून अधिक आहे. महिन्यातून एका बुधवारी सभेनंतर सर्वांसाठी वरणबट्टी केली जाते, ती पुरुष मंडळी करतात, आणि त्या दिवशी स्त्रियांची उपस्थिती एकदम वाढते. यावरून काय करायला हवे ते उघड आहे.

सभागृहाला पत्र्याचे छत आहे, त्यामुळे एप्रिल ते जूनपर्यंत आत बसवत नाही. कूलरच्या आवाजात मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून ध्वनिक्षेपक लावतात आणि तो मग गरजेपेक्षा मोठा होतो. अंगणात कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून सभा घेतली जाते तेव्हा ती सर्वांत चांगली होते. उन्हाळाभर तसेच करावे.

ज्यांना येणे जमत नाही त्यांच्यासाठी गुरुवारी पहाटे मोबाइलवरच्या गटात एक ध्वनिमुद्रण येते. त्यात आदल्या दिवशीचा उतारा, दोन-चार वाक्यांत त्याचा अर्थ आणि एक लहान प्रार्थना असते, आणि सगळे मिळून तीन-चार मिनिटांत संपते. गटात इतर कोणाला संदेश टाकता येत नाहीत, त्यामुळे फुलांची चित्रे आणि पुढे ढकललेले मजकूर यांत वचन हरवत नाही. भुसावळ ते जळगाव हे सुमारे २५ किलोमीटरचे अंतर पॅसेंजरमध्ये दारापाशी उभे राहून जाताना मी ते ऐकते. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वाक्य एका गुरुवारी असे कानावर पडले, आणि त्या दिवशी कार्यालयात गेल्यावर मी महिनाभराची कामे एकदम डोळ्यांपुढे न आणता त्या दिवसाची पाच कामे कागदावर लिहिली. ही सवय आजही टिकून आहे.

सभेला शुल्क नाही. दाराजवळ दानपेटी आहे, तबक फिरवले जात नाही आणि कोणी किती टाकले हे कोणी पाहत नाही. काही हिंदू आणि बौद्ध सहकारीही अधूनमधून येतात, विशेषतः घरी आजारपण असताना. त्यांच्यासाठी प्रार्थना होते, त्यांना चहा मिळतो, आणि धर्माविषयी त्यांना कोणी छेडत नाही.

सभेचा खरा उपयोग ज्यांना होईल ते म्हणजे पाळ्यांमध्ये काम करणारे, नुकतेच बदली होऊन भुसावळात आलेले, आणि रविवारी उपासनेला जाऊनही सोमवारी मन जड असणारे लोक. शास्त्राचा सखोल, क्रमवार अभ्यास हवा असेल तर येथे तो मिळणार नाही. त्यासाठी याच चर्चमध्ये शनिवारचा वर्ग आहे. प्रथमच येणाऱ्यांनी सात वाजता पोहोचावे, म्हणजे वहीत विनंती लिहिता येते. बोलायचे नसेल तर बोलण्याची सक्ती नाही, "सलाम" करून मागे बसले तरी चालते. बायबल सोबत नसल्यास तेथे प्रती ठेवलेल्या आहेत, त्यांत मोठ्या अक्षरांच्याही आहेत. रात्रपाळीला जायचे असल्यास तसे दारातल्या वडिलांना सांगावे, ते विनंती आधी वाचून घेतात आणि तुमच्यासाठी प्रार्थना करूनच तुम्हाला वेळेवर सोडतात.